सहा माणसांचा तंबू : नऊ महिने, चौदा रात्री

फेब्रुवारीत तंबू घेतला तेव्हा खोक्यावर ठळक अक्षरात होतं, ‘सहा जणांसाठी’. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या किमतीतले तंबू थोड्याफार फरकाने सारखेच निघतात. सहा माणसं मावतात, पण काडेपेटीतल्या काड्यांसारखी. चार माणसं आणि बॅगा, हा खरा हिशोब.

पहिली सहल अँझा-बोरेगोला. कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, सहा लाख एकरांपेक्षा जास्त वाळवंट. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आमच्या सनीव्हेलहून जवळजवळ नऊ तास गाडी हाणली. बोरेगो पाम कॅनियनचा तीनेक मैलांचा ट्रेल मुलांनी कुरकुर न करता केला, कारण शेवटी उघड्याबोडक्या दरीत अचानक पामची झाडं लागतात. रात्री मात्र वारा सुटला. तंबूबरोबर आलेल्या खुंट्या म्हणजे नुसत्या वाकवलेल्या तारा. वाळूत जितक्या सहज शिरतात तितक्याच सहज बाहेर येतात. दोन वाजता मी एक कोपरा दाबून बसलो होतो, बायको दुसरा, आणि मुलं ढाराढूर. सकाळी बघितलं तर फायबरग्लासच्या एका दांडीला उभी चीर. डक्ट टेप गुंडाळली, तीच दांडी आजही चालू आहे. खुंट्या मात्र जाड लोखंडी आणल्या. चेनमध्ये वाळू गेली होती, ती जुन्या टूथब्रशने काढून मेणबत्ती घासली. तेव्हापासून अडकली नाही.

मे महिन्यात नाशिकहून आई आली आणि आम्ही पाच झालो. जुलैत उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या, म्हणजे जगातल्या सगळ्यात उंच झाडांच्या जंगलात गेलो, आधी हम्बोल्ट रेडवुड्स, मग वर प्रेअरी क्रीक, दोन्ही स्टेट पार्कच. इथल्या तंबू ठोकायच्या जागा सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता बुकिंग उघडतं तेव्हाच हाताला लागतात. (लायब्ररीतून मिळणाऱ्या स्टेट पार्कच्या पासवर दिवसापुरती गाडी फुकट आत जाते, मुक्काम त्यात धरलेला नाही.)

प्रेअरी क्रीकला पहाटे आईने हलवून उठवलं. “अरे, पाऊस गळतोय बघ, माझी गोधडी ओली झाली.” बाहेर धुकं होतं, फांद्यांवरून टपटपही होती, पण वरचं कापड कुठेच गळत नव्हतं. आईला थंडी वाजते म्हणून मीच सगळ्या खिडक्या गच्च लावल्या होत्या. पाच जणांचा रात्रभराचा श्वास थंड कापडाला लागून थेंब झाला आणि आमच्याच अंगावर पडला. दुसऱ्या रात्री वरच्या दोन झडपा वीतभर उघड्या ठेवल्या, आईला कानटोपी आणि जास्तीचा स्वेटर दिला. सकाळी गोधडी कोरडी. खाली अंथरायची ताडपत्रीही तंबूपेक्षा जरा लहानच हवी. आमची बाहेर डोकावत होती, टपटपीचं पाणी तिच्यावरून थेट तळाशी जमलं. आता कडा आत दुमडतो.

तंबूत खायचं नाही, हा नियम तिथे फार कडक आहे. अस्वलांमुळे जेवणच काय, टूथपेस्ट आणि आईची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा लोखंडी पेटीत गेली. चिवडा सांडायचीही सोय नाही. मार्बल्ड म्युरलेट नावाचा समुद्रपक्षी जुन्या रेडवुडच्या शेवाळलेल्या फांदीवर उंचावर एकच अंडं घालतो. खरकट्याला चटावलेले ‘स्टेलर्स जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे ते अंडं फस्त करतात. हे ऐकल्यावर आईने बाकाखाली बसून चुरमुरे एकेक करून वेचले, आणि नातवंडांनाही वेचायला लावले.

मोठी चूक आमचीच. दुपारी बाराला जागा सोडायची म्हणून तंबू ओलाच कोंबला आणि घरी आल्यावर तीन दिवस डिकीत विसरलो. तो कुबट वास व्हिनेगरच्या पाण्याने पुसूनही पुरता गेलेला नाही. चिरलेली दांडी बदलायची म्हटलं तर कंपनी सुटी विकत नाही, अख्खा संच घ्या म्हणते, आणि त्याची किंमत तंबूच्या निम्मी. टेपच बरी.

माझ्याकडून पाचपैकी तीन. आईच्या मते पाच. तंबू मधोमध सहा फूट उंच आहे, तिला आत सरळ उभं राहून साडी नेसता आली.