एमसीपी२५१५ की एसटीएम३२एफ१०३: कॅनसाठी काय घ्यावं?

कॅन बसवरचा (गाडीतली वेगवेगळी उपकरणं एकमेकांशी बोलतात त्या सामायिक तारांवरचा) डेटा घ्यायचा म्हटलं की सहसा दोन पर्याय समोर येतात. अर्डुइनो उनोला एसपीआयवर (चिपना जोडणाऱ्या साध्या सिरीयल जोडणीवर) एमसीपी२५१५ या वेगळ्या कॅन कंट्रोलर चिपचं मोड्यूल जोडायचं, किंवा एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर घेऊन त्याच्या आतलाच बीएक्सकॅन कंट्रोलर वापरायचा. वेगावरून निवड करू नका. दोन्ही १ एमबीपीएसपर्यंत जातात. सीआरसी तपासणं (संदेश बिनचूक आला का ते बघणं), एसीके म्हणजे पोच देणं, बिट स्टफिंग (सलग सारख्या बिटांत मधे उलटा बिट घालणं), चुकलेली फ्रेम म्हणजे बसवरचा एक संदेश पुन्हा पाठवणं हेही दोन्हीकडे हार्डवेअरच करतं. बघायचं ते हे, की आलेली फ्रेम प्रोग्राम मोकळा होईपर्यंत कुठे थांबते.

एमसीपी२५१५मध्ये रिसीव्ह बफर दोनच. ५०० केबीपीएसवर ११ बिटी आयडीची (संदेशाच्या ओळख क्रमांकाची), ८ बाइटची फ्रेम स्टफिंग न धरता साधारण २२२ मायक्रोसेकंद घेते. फ्रेम पाठोपाठ येत असतील तर पहिल्या इंटरप्टनंतर (फ्रेम आल्याच्या इशाऱ्यानंतर) सुमारे ४५० मायक्रोसेकंदांत बफर रिकामा व्हायला हवा, नाहीतर तिसरी फ्रेम गेलीच. तेही पहिला भरल्यावर दुसऱ्यात टाकणारा बीयूकेटी बिट चालू असेल तर. एसडी कार्डावर लिहिताना उनो कित्येक मिलिसेकंद अडकू शकतो, म्हणून डेटा लॉगरसाठी ही जोडी मी सुचवणार नाही.

बीएक्सकॅनमध्ये तीन-तीन फ्रेमचे दोन फिफो (आधी आलेली आधी बाहेर, अशा रांगा) आहेत आणि कुठला आयडी कुठल्या फिफोत जाईल ते फिल्टर ठरवतो. ब्रेकसारखे तातडीचे संदेश एकात, तापमानाचे दुसऱ्यात, अशी विभागणी करता येते. ती जरूर करा. या चिपचा खरा फायदा तोच. १४ फिल्टर बँकांत ११ बिटी आयडी नेमके लिहिले तर ५६ बसतात. एमसीपी२५१५कडे सहा फिल्टर आणि आयडीचे कुठले बिट तपासायचे ते सांगणारे दोन मास्क.

पाठवण्यासाठी दोन्हींकडे तीनच जागा आहेत, पण क्रम वेगळा. आपल्या तीन बफरांपैकी आधी कुठला पाठवायचा हे ठरवताना एमसीपी२५१५ आयडी बघतच नाही. तुम्ही दिलेली प्राथमिकता बघतो, आणि ती सारखी असेल तर वरच्या क्रमांकाचा बफर आधी सोडतो. तुकड्यांत पाठवलेला लांब संदेश त्यामुळे उलटसुलट पोहोचू शकतो. बीएक्सकॅनमध्ये आयडीनुसार की मागणीच्या क्रमाने, हे एका बिटाने ठरतं.

एफ१०३ची मोठी अडचण एकच: यूएसबी आणि कॅन ५१२ बाइटची एकच मेमरी वापरतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. शिवाय ट्रान्सीव्हर (कंट्रोलर आणि बसच्या तारा यांच्यामधली चिप) वेगळा जोडावा लागतो. एसएन६५एचव्हीडी२३० हा ३.३ व्होल्टवर चालतो. एमसीपी२५१५च्या मोड्यूलवर ट्रान्सीव्हर असतोच, फक्त क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा की १६चा, हे बघून लायब्ररीत तसं सांगा.

मोजक्या आयडींचा छोटा प्रयोग असेल आणि उनो घरात असेल तर एमसीपी२५१५ पुरेसा आहे. नवा बोर्ड करत असाल तर एसटीएम३२च घ्या. बसवर कॅन एफडी (कॅनची नवी, जास्त वेगाची आवृत्ती) असेल तर मात्र दोन्ही नकोत, एसटीएम३२जी४ बघा: या जुन्या कंट्रोलरांना एफडी फ्रेम चुकीची वाटते आणि नेहमीच्या मोडमध्ये ते एरर फ्रेम टाकून चालू बस बिघडवतात.