144 हर्ट्झच्या मॉनिटरसाठी विकलेले बनावट ग्राफिक्स कार्ड

जुन्या डेस्कटॉपला 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर जोडू पाहणाऱ्या ग्राहकाची अडचण नेमकी काय आहे, हे काही दुकानदारांना पक्के ठाऊक असते आणि त्या अडचणीचा फायदा घेऊन ते त्याच्या गळ्यात बनावट ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा सुटा भाग) मारतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे घडले. त्याने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यात अडकले, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

त्याचा संगणक तिसऱ्या पिढीच्या आय-5 प्रोसेसरचा असून मदरबोर्डवर मॉनिटर जोडण्यासाठी एक व्हीजीए (जुनी अ‍ॅनालॉग जोडणी) आणि एक एचडीएमआय (डिजिटल जोडणी) एवढीच दोन पोर्ट आहेत. नवा मॉनिटर जोडल्यावर चित्र उत्तम दिसले, परंतु विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटच्या, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते त्या आकड्याच्या, यादीत 60 च्या वर आकडाच येत नव्हता. यात मॉनिटरचा दोष नव्हता. 1920 बाय 1080 या रिझोल्यूशनचे चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचे तर सुमारे 3 अब्ज बिट लागतात आणि 144 वेळा पाठवायचे तर 7 अब्जांहून अधिक. इतका डेटा वाहून नेणे त्या काळच्या मदरबोर्डवरील एचडीएमआयच्या आवाक्याबाहेरचे होते. अशा वेळी डिस्प्लेपोर्ट (अधिक डेटा नेणारी दुसरी डिजिटल जोडणी) किंवा एचडीएमआयची 2.0 ही नवी आवृत्ती असलेले वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवणे हाच खरा उपाय असतो.

आमच्या शहरातील संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात भाच्याने ही अडचण सांगितली, तेव्हा त्याला आधी 1,200 रुपयांची एक केबल देण्यात आली. तिच्या वेष्टनावर ‘8के’ आणि ‘एचडीएमआय 2.1’ असे ठळक छापले होते. वास्तविक एचडीएमआय केबल आवृत्तीच्या क्रमांकाने ओळखली जात नाही. तिचे हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड असे प्रकार असतात आणि प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या वेष्टनावर स्कॅन करून पडताळता येणारे लेबल असते. ते येथे नव्हते. शिवाय केबल अस्सल असती तरी फरक पडला नसता, कारण कार्ड, केबल आणि मॉनिटर या तिघांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तेवढाच वेग मिळतो. अपेक्षेप्रमाणे आकडा 60 वरच राहिला.

तक्रार घेऊन गेल्यावर दुकानदाराने एनव्हिडिया कंपनीचे ‘थोडे वापरलेले’ जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी मेमरीचे, हे कार्ड 6,800 रुपयांना दिले. त्याने ते दुकानातील संगणकावर लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील जोडलेल्या भागांच्या यादीत) नाव दाखवले आणि पडद्यावर जीटीएक्स 1050 टीआय असेच आले. निघताना त्याने बजावले की, ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मी टाकून दिला आहे, तो अपडेट करायचा नाही, नाहीतर कार्ड बिघडेल. हे वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावे, कारण अस्सल कार्ड विकणाऱ्याला असे सांगण्याची गरजच पडत नाही.

घरी आणल्यावरही 144 चा आकडा दिसेना. एखादा जड खेळ सुरू केला की काही वेळात पडदा काळा होऊन खेळ बंद पडे. मी एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून पाहिला, तर हे कार्ड या ड्रायव्हरशी सुसंगत नाही असा संदेश आला. मग कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवले. त्यात कार्डाच्या नावाआधी कंसात ‘फेक’ असा शब्द आला. बायोस (कार्डाची ओळख साठवणारा अंगभूत प्रोग्राम) बदलून खोटे नाव चढवलेली कार्डे ओळखण्याची ही सोय त्यात 2018 पासून आहे. खाली शेडर्सची (चित्राचे गणित करणाऱ्या चिपमधील छोट्या घटकांची) संख्या 192 दिसत होती, तर खऱ्या 1050 टीआयमध्ये ती 768 असते.

आणखी खात्री करावी म्हणून ओळखीच्या दुरुस्ती कारागिराकडे कार्ड नेले. त्याने चार स्क्रू काढून पंखा आणि हीटसिंक अलगद बाजूला केले, चिपवरची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि दिवा तिरपा धरला. चिपवर कोरलेले तिचे सांकेतिक नाव स्वच्छ वाचता आले: जीएफ116. खऱ्या 1050 टीआयवर तेथे जीपी107 असते. म्हणजे हे 2011 सालचे जीटीएक्स 550 टीआय होते. 1 जीबी मेमरीच्या या कार्डाच्या बायोसमध्ये 4 जीबी असे लिहून ठेवले होते. खेळ 1 जीबीच्या पुढे मेमरी मागू लागला की तो कोसळत होता, तो यामुळेच.

इतके सगळे उघडून पाहण्याची गरज प्रत्येकाला पडणार नाही. कार्डाची मागची पट्टी पाहिली तरी पुरते. आमच्या कार्डावर निळे, पंधरा छिद्रांचे व्हीजीए पोर्ट होते आणि डिस्प्लेपोर्ट नव्हते. 1050 टीआय ज्या पिढीतले आहे, त्या पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्यावर व्हीजीए पोर्ट असलेच तर नाव खोटे आहे असे बेलाशक समजावे. दुसरी खूण विजेच्या जोडणीची आहे. 1050 टीआयला 75 वॅट पुरतात आणि त्याची बहुतेक मॉडेल मदरबोर्डच्या स्लॉटमधून (कार्ड बसवायच्या खाचेतून) मिळणाऱ्या विजेवरच चालतात. आमच्या कार्डाला मात्र पॉवर सप्लायची वेगळी सहा पिनांची वायर लावावी लागत होती.

दुकानदाराने आधी कानांवर हात ठेवले आणि नंतर “साहेब, सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते” हे ठरलेले उत्तर दिले. मला या उत्तराचा फार संताप येतो. जुनी वस्तू बिघडली असती तर गोष्ट वेगळी होती, परंतु येथे एका वस्तूच्या नावावर दुसरीच वस्तू विकली गेली होती आणि ते नाव मुद्दाम कार्डाच्या बायोसमध्ये भरण्यात आले होते. बिलावर केवळ ‘ग्राफिक कार्ड – 1 नग’ असे लिहिलेले होते. सुदैवाने मॉडेलचे नाव आणि किंमत लिहिलेला दुकानदाराचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश भाच्याने जपून ठेवला होता.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी पत्र दिले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे पत्रात स्पष्ट लिहिले. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची तर ती दोन वर्षांच्या आत करता येते आणि मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, हेही त्यात नमूद केले. पत्र मिळाल्यावर कार्डाचे पैसे परत आले. केबलचे आले नाहीत.

कार्ड परत देण्यापूर्वी आम्ही त्याच्या चिपचे, मागच्या पट्टीचे आणि जीपीयू-झेडच्या पडद्याचे फोटो काढून तक्रारीला जोडले, कारण तेच कार्ड पंखा पुसून पुन्हा काउंटरवर येईल याची मला शंका नाही. त्यानंतर अधिकृत विक्रेत्याकडून जीटीएक्स 1650 चे सीलबंद कार्ड घेतले. वेगळी वायर न लागणारे आणि डिस्प्लेपोर्ट असलेले मॉडेल निवडले, आणि बिलावर मॉडेल, मेमरी व सिरीयल नंबर लिहून घेतला. मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्ट केबल जोडताच यादीत 144 हा आकडा दिसू लागला.