विजापूर रोडचा बुधवारचा बायबल अभ्यास : ५ पैकी ४ स्टार

सोलापुरात चांगला बायबल अभ्यास कुठं चालतो असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. हा कुठल्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, ऑफिशियल कार्यक्रम नाही, विजापूर रोडला एका रिटायर्ड काकांच्या हॉलमध्ये भरतो, फी बी काय नाही आणि दानाची पिशवी पण फिरत नाही. माईक नाही, कीबोर्ड नाही. जोरदार आराधना पाहिजे असणाऱ्यांना इथं कंटाळा येणार, आधीच सांगतो.

पद्धत साधी. एकच उतारा, दोनदा मोठ्यानं आणि सावकाश वाचायचा, मग थोडा वेळ सगळे गप. खरंच गप, कारण मोबाईल दाराजवळच्या टोपलीत टाकून यावं लागतं. मग काका एवढंच विचारतात, "आत काय शिरलं, आणि कुठं अडलं?" अडलेलं सांगायला इथं कुणी लाजत नाही, मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. नाहीतर बऱ्याच ठिकाणी वचन वाचून संपायच्या आत आमेन पडतं आणि ज्याला पटलेलं नसतं तो पण मान डोलवत बसतो.

सध्या मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय चालूय, पेरणाऱ्याचा दाखला : बी म्हणजे देवाचं वचन, ते वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडतं, तसे ऐकणारे चार प्रकारचे. लहानपणापासून पाठ, त्यामुळं कान आधीच बंद. पण काकांची शेती मंगळवेढ्याकडं. ते म्हणाले, आपली शाळू ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, पण रान पावसाळाभर मोकळं ठेवून कुळवत राहायचं, तण मारायचं, पाणी मुरवायचं, कारण पेरल्यावर पाऊस येईलच असं नाही, जमिनीत जी ओल धरलीय तिच्यावरच कणीस भरतं. मग हळूच, "बुधवारी बी पडतंय, सोमवार-मंगळवारी कुळव कुणी फिरवला?" सगळे सतरंजीकडं बघायला लागले.

खडकाळ जमिनीवर बराच वेळ गेला. तिथले लोक वचन आनंदानं आणि लगेच घेतात असं येशू सांगतो, म्हणजे नुसतं भारावून जाणं हे काय चांगल्या जमिनीचं लक्षण नाही, शिबिरातून रडून आलेल्या आमच्या पोरांना हे जरा लागलंच. काटेरी झुडपांवर आलो तेव्हा, संसाराची चिंता आणि पैशाचा मोह वगैरे, तेलुगू बायबल घेऊन येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "नळाला पाणी कधी सोडतात ह्यातच माझं अर्धं डोकं असतंय." सगळे हसले. काका हसले नाहीत, म्हणाले, "मावशी, तेच तुमचं झुडूप, वहीत लिहा."

अजून एक, मन मोकळं ठेवायचं म्हणजे सांगणाऱ्याचं सगळं गिळायचं असं इथं नाही. बिरुया गावातल्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणं उत्सुकतेनं ऐकलं आणि तरी ते खरं आहे का म्हणून रोज शास्त्र तपासलं, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे, आणि काका स्वतःलाही तोच नियम लावतात. त्यांना उलटा प्रश्न विचारा, रागवत नाहीत, "पुढच्या बुधवारी बघून सांगतो" म्हणतात आणि खरंच बघून येतात. जाताना याकोबाच्या पत्रातलं, वचन नुसतं ऐकू नका, करा, हे धरून प्रत्येकाला एक काम मिळतं. कुणाशी अबोला असेल तर फोन, कुणाचे पैसे द्यायचे असतील तर ते. पुढच्या वेळी विचारतात बरं का. दोघं-तिघं ह्याच कारणानं यायचे बंद झाले, माझ्या मते तो ग्रुपचा दोष नाही.

एक स्टार का कापला? सातची वेळ साडेसातला सुरू होते, नळाला पाणी येतं त्या दिवशी तर निम्मा हॉल रिकामा. शिवाय एक गृहस्थ कुठलाही उतारा असू दे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, नेऊन सोडतात आणि वयानं मोठे म्हणून त्यांना कुणी अडवत नाही, त्यात बाकीच्यांचा वेळ जातो. बोळ अरुंद आहे, फोर व्हीलर नेऊ नका.

नंतर चहा असतो, कधी कधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. नवीन आलात तर "सलाम" म्हणून बसा, पहिल्या दिवशी कुणी साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं करत नाही. बायबल मात्र आपापलं आणा, तिथली जादाची आहेत त्यांचं अक्षर फार बारीक आहे.