सगळं मोडून नव्याने की आहे तोच संघ सावरून? एनएचएलमधले दोन रस्ते

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य लीग. तिथे तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. उलट ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात, क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिला नंबर मिळण्याची सगळ्यात जास्त, म्हणजे 25.5 टक्के शक्यता त्यालाच असते. त्यामुळे संघ थकला की ‘मोठे खेळाडू विका, पोरांना आणा’ अशी ओरड सुरू होते. दुसरा रस्ता म्हणजे मुख्य खेळाडू ठेवून बाकीच्या जागा बदलत राहायचं.

पहिल्या रस्त्याच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. पिट्सबर्गला ड्राफ्टमधून 2004 मध्ये माल्किन आणि 2005 मध्ये क्रॉस्बी मिळाला. पुढे 2009, 2016 आणि 2017 चे स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, आले. शिकागोने टेव्झ आणि केन असेच मिळवले आणि तीन कप जिंकले. अव्वल दर्जाचा सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरून हल्ला चालवणारा खेळाडू, बाजारात सहसा मिळतच नाही. मिळाला तर बहुधा तिशीजवळचा, आणि त्याचा करार सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा) मोठा लचका तोडतो.

पण बफेलोकडे नीट बघा. 2014-15 मध्ये हा संघ तळाला गेला, तरी सोडतीत एडमंटन पुढे निघून गेलं आणि त्या ड्राफ्टमधला सगळ्यात गाजलेला मॅकडेव्हिड तिकडे गेला. बफेलोला आयकेल मिळाला. आदल्या वर्षी रायनहार्ट मिळाला होता, 2018 मध्ये डालीन, 2021 मध्ये पॉवर. तरीही 2011 नंतर 2025 पर्यंत सलग 14 मोसम प्लेऑफ (कपसाठीची बाद फेरी) नाही! सततच्या पराभवांमुळे खेळावरचं प्रेमच अनेकदा हरवलं, असं बफेलोच्याच रायन ओरायलीने 2018 मध्ये उघडपणे सांगितलं. त्याच उन्हाळ्यात त्याला सेंट लुईसला दिलं, आणि पुढच्याच वर्षी तो कप जिंकून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आयकेल 2023 मध्ये व्हेगासकडून जिंकला, रायनहार्ट 2024 आणि 2025 मध्ये फ्लोरिडाकडून. खेळाडूंची निवड चुकली नव्हती. ज्या ड्रेसिंग रूममध्ये हरणं रोजचं झालं होतं, तिथे ही पोरं वाढली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या रस्त्याचं चांगलं उदाहरण वॉशिंग्टन. 2023 मध्ये प्लेऑफ हुकला, पण त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू ओव्हेच्किन असताना त्यांनी संघ मोडला नाही. 2024 च्या उन्हाळ्यात द्युब्वा, चिकरन आणि गोलरक्षक थॉम्प्सन हे तिघेही अदलाबदलीतून आले. थॉम्प्सनसाठी तर ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीच्या दोन निवडीच द्याव्या लागल्या. त्या मोसमात 111 गुण मिळाले. मात्र प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत कॅरोलायनाने 4-1 असं हरवलं. या रस्त्याची मर्यादा बहुतेक वेळा इथेच दिसते.

फ्लोरिडाने दोन्ही रस्ते जोडले. बारकोव्ह आणि एकब्लाड ड्राफ्टमधून आले. रायनहार्ट आणि कचक अदलाबदलीतून. फोर्सलिंगला तर कॅरोलायनाने वेव्हर्सवर, म्हणजे कुठल्याही संघाने फुकट घ्यावं अशा यादीत, सोडलं होतं, तिथून उचललं.

त्यामुळे निर्णय घेताना मी आधी एकच गोष्ट बघेन: पंचविशीच्या आतला अव्वल सेंटर संघात आहे का? असेल तर मोडतोड अजिबात नको. त्याच्याभोवती बचावपटू आणि गोलरक्षक आणा. नसेल तर मोठ्या करारांचे खेळाडू विका, पण रोज जीव तोडून सराव करणारे दोन-तीन तिशीपार खेळाडू ठेवा, समोरून चांगली ड्राफ्ट निवड मिळत असली तरी.