आठ महिने: एक गडद निळी भिंत, तीन ऑफ-व्हाइट

खोली 10 बाय 12, उंची 9 फूट. बारा फुटांची एक भिंत गडद निळी, बाकी तीन किंचित पिवळसर ऑफ-व्हाइट. दोन्ही मॅट, धुता येणारं इमल्शन.

ऑफ-व्हाइट पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत बसला. निळ्याला प्रायमर राखाडी करून घेऊनही तीन हात लागले. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य घालायच्या मूळ रंगात, मिसळतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे झाकणारा पांढरा, नावापुरता किंवा नसतोच; खालचं डोकावत राहतं. 108 चौरस फुटांना जवळपास तीन लिटर गेला. दार-खिडकी सोडून अडीचशे चौरस फुटांच्या ऑफ-व्हाइटला साडेचार. ‘एकच तर भिंत’ म्हणताना हा हिशेब आधी मांडावा.

निळ्याची खरी कटकट नंतर सुरू होते. खुर्चीची पाठ टेकते तिथे, जमिनीपासून तीनेक फुटांवर, हातभर चकचकीत पट्टा उमटलाय. तो मळ नव्हे. घासून घासून मॅटचा खरखरीतपणा गेला, की ती जागा चकाकते. पुसाल तितकी वाढते. नुसतं नख लागलं तरी पांढरट रेघ. उरलेल्या त्याच डब्यातला रंग ब्रशने लावला तरी खिडकीच्या तिरप्या उजेडात ठिगळ दिसतंच, कारण रोलरचा पोत ब्रशला येत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा मारणं, एवढाच इलाज. त्यासाठी लिटरभर रंग राखून ठेवावा. किंचित चमकदार सॅटिन फिनिशमध्ये हा पट्टा एवढा उठून दिसत नाही, पण मग पुट्टीचा प्रत्येक चढउतार दिसतो.

ऑफ-व्हाइटवर डाग लवकर दिसतात, जातातही लवकर. स्विचबोर्डभोवतीचा काळपटपणा मऊ स्पंज आणि साबणाच्या दोन थेंबांनी निघतो. मोठा भाग असेल तर खालून वर पुसावं. कोरड्या भिंतीवर मळकट पाणी ओघळलं की त्याच्या रेघा चिवट निघतात. टच-अप छोट्या रोलरने केला तर शोधावा लागतो.

बल्बाचंही बघा. 2700 केल्विनच्या पिवळसर बल्बाखाली निळा रात्री जवळजवळ काळा दिसतो. 6500 च्या निळसर पांढऱ्या उजेडात ऑफ-व्हाइटचा ऊबदारपणा जातो. 4000 ला दोघांचं जमतं.

दोन रंगांची कड मात्र सुरेख आलीय. टेपच्या काठावर आधी ऑफ-व्हाइटचाच पातळ हात दिला, फटी त्यानेच बुजल्या. मग निळा, आणि शेवटचा हात ओलसर असतानाच टेप काढली.

चकचकीत पट्ट्यावर तूर्त उपाय: खुर्ची चार बोटं पुढे.