पॅथोफिजिओलॉजीचं निळं पुस्तक: सात महिने आणि ३१२ चौकोन

परवा रात्री किडनीचा धडा उघडला आणि पान १९३ ते २०८ असा अख्खा फर्मा हातात आला. शिलाई नाहीच, नुसता गोंद. रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणत सात महिने काढले होते, म्हटलं आता बसून लिहूनच टाकू.

पुस्तक पॅथोफिजिओलॉजीचं, म्हणजे आजारात अंगात काय आणि का बिघडतं त्याचं. कोणतं ते बी.एस्सी. नर्सिंगच्या थर्ड सेमला असलेल्यांना सांगायला नको. निळं कव्हर, वर हृदयाचं चित्र, ॲडल्ट हेल्थच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून देतात ते. नाव मुद्दाम घेत नाही. किंमत ७४५, सूट जाऊन मला ६५५ ला पडलं, म्हणजे आमच्या मेसचे आठ दिवस. धडे किती, सिलॅबस कव्हर होतो का, वगैरे प्रश्न विचारू नका, ते दुकानातही सांगतात. बाइंडिंगचंही मी एका ओळीत संपवतो: गचाळ आहे. माझी खरी तक्रार बाणांची आहे, काय वाढलं आणि काय घटलं ते दाखवणाऱ्या वर-खाली बाणांची.

या पुस्तकात बाण नाहीत.

म्हणजे लेखिकेने दिले असणारच. पण कॉम्प्युटरवरचा बाण छपाईपर्यंत पोचेपर्यंत फॉन्ट कुठेतरी गळाला आणि त्या जागी रिकामे चौकोन छापून आले. हार्ट फेल्युअरच्या पानावर अक्षरशः असं आहे: □ कार्डियाक आउटपुट, □ रीनल परफ्युजन, □ रेनिन, □ अँजिओटेन्सिन टू, □ अल्डोस्टेरॉन, □ सोडियम. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे टिक करायचे चौकोन असतील, स्वाध्याय असेल. मी पेनाने दोन टिक केल्यासुद्धा. त्या अजून तिथेच आहेत.

दुसऱ्या एखाद्या विषयात हे खपून गेलं असतं. ॲनाटॉमीत नावं पाठ करायची, फार्मात डोस. इथे मात्र अख्खा विषयच काय वाढलं, काय घटलं आणि त्यामुळे पुढे काय झालं, एवढ्यावर उभा आहे. बाण काढून घेतला की उरते ती नुसती यादी. मी एका रविवारी मोजले. पूर्ण पुस्तकात ३१२ चौकोन. रूममेट म्हणाला, एवढ्या वेळात दोन धडे झाले असते. त्याचं बरोबर होतं, पण ६५५ रुपये माझे गेले होते.

आता कुणी म्हणेल, ज्याला साखळी समजली तो चौकोन डोळे मिटून भरेल. काही ठिकाणी भरेलही. हृदयाचा जोर कमी पडला, किडनीकडे रक्त कमी पोचलं. किडनीला बिचारीला वाटतं की अंगातलं रक्तच कमी झालंय, कुठेतरी वाहून गेलंय. ती रेनिन सोडते. त्याने लिव्हरकडून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन वन होतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं एसीई नावाचं एन्झाइम त्याचं टू करतं. टू रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवतं. त्याने किडनीत मीठ अडलं, मिठामागे पाणी अडलं, आणि आधीच दमलेल्या हृदयावर आणखी ओझं पडलं. इथवर मी पेन्सिलीने बाण धडाधड भरले. शेवटच्या चौकोनाशी, सोडियमपाशी, अडलो. मीठ अडतंय म्हणजे वर? पण त्याच आठवड्यात वॉर्डात बघितलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं सीरम सोडियम, म्हणजे रक्तातलं, १२८ होतं, नॉर्मल १३५ च्या पुढे. म्हणजे खाली? पुस्तकात चौकोन.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही बरोबर. अंगात मीठ जास्तच आहे, पण पाणी त्याहून जास्त साठलंय, म्हणून रक्तात ते पातळ झालंय. हे ऐकल्यावर माझा राग उलट वाढला. कारण आता कळलं की बाण छापला असता तरी तो अर्धाच असता. कुठे वाढलं, हे त्याच्या शेजारी नकोच का?

पोळ्याला गावी गेलो (आमचं गाव औसा तालुक्यात) तेव्हा पुस्तक सोबत होतं. वडिलांनी चाळलं आणि विचारलं, ‘हे डबे कसले रे?’ मी सांगितलं. म्हणाले, ‘सोयाबीनचं बी उगवलं नाही तर आपण दुकानदाराच्या दारात जाऊन बसतो. तू साधा फोन करीनास?’ मग केला प्रकाशकाला फोन. तिसऱ्या दिवशी लागला. संवाद असा:

‘सर, तुमच्या पुस्तकात बाणांच्या जागी चौकोन आलेत.’

‘कुठल्या पानावर?’

‘सगळ्याच.’

‘बाकी कुणाची तक्रार नाही आली.’

‘बाकीच्यांनी वाचलं नसेल, सर.’

हे मी बोलायला नको होतं, पण बोलून गेलो. तिकडून जरा थंड आवाजात उत्तर आलं की पुस्तक बदलून मिळणार नाही, सगळ्या प्रती तशाच आहेत, मात्र शुद्धिपत्र व्हॉट्सॲपवर पाठवतो. शुद्धिपत्र आलं. चार पानांची पीडीएफ. उघडली. त्यातही चौकोन.

रिव्ह्यू इथेच एक स्टार देऊन संपवला असता. सप्टेंबरपर्यंतचं माझं मत तेच होतं. ऑक्टोबरात मेल मेडिकल वॉर्डला पोस्टिंग लागली आणि ते थोडं हललं.

पावसाळा सरतानाचा वॉर्ड म्हणजे निम्मे पलंग डेंगीचे. तोवर डेंगीच्या पानावरचे चौकोन मी भरून झालो होतो, आणि सोडियमने पोळल्यामुळे प्रत्येक बाणाच्या शेजारी बारीक अक्षरात ‘कुठे’ तेही लिहायला लागलो होतो. एका तरुण पेशंटचा ताप पाचव्या दिवशी उतरला. नातेवाईक खूश. मला ‘डॉक्टर’ म्हणाले (वॉर्डात मुलगा दिसला की डॉक्टर नाहीतर वॉर्डबॉय, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स कुणाच्या ध्यानातच येत नाही), आणि विचारलं, ‘ताप गेला, प्लेटलेटही फार कमी नाहीत, मग घरी कधी सोडणार?’ मी चार्ट बघितला. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, आदल्या दिवशी ३८, आज ४६. बीपी १००/८०. म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यात फरक उरला फक्त २० चा.

माझ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ताप खाली, केशवाहिन्यांतून गळती वर, प्लाझ्मा रक्तात खाली, छातीपोटात वर, म्हणून पीसीव्ही वर. डेंगीत धोक्याची वेळ ताप उतरतानाच सुरू होते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. पाणी अंगाबाहेर गेलेलं नसतं, रक्तवाहिनीबाहेर गेलेलं असतं. लाल पेशी तेवढ्याच, भोवतीचं पाणी कमी, म्हणून रक्त दाट. ३८ चं ४६ म्हणजे २० टक्क्यांवर वाढ. सगळे नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारतात आणि हा आकडा कुणी विचारत नाही. मी पळत सिस्टरांकडे गेलो. त्यांनी आधीच डॉक्टरांना फोन लावला होता. माझं शहाणपण पाच मिनिटं उशिरा पोचलं, पण पोचलं. पुढे दोन दिवस सलाइनचा रेट किती वेळा बदलला ते बघत होतो. आणि गळती थांबल्यावर सलाइन आवरतं का घेतात, तेही त्याच साखळीतून कळलं: बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं, वरून आणखी ओतलं तर फुप्फुसात साठतं.

त्या रात्री मी रूममेटला म्हणालो की बाण छापलेले असते तर मी ते वाचून पान उलटलं असतं. तो म्हणाला, प्रकाशकाला थँक्यूचा मेसेज टाक मग. टाकला नाही. बरं झालं टाकला नाही, कारण नोव्हेंबरात माझी केस प्रेझेंटेशन झाली.

केस होती आयर्न डेफिशियन्सी ॲनिमियाची, म्हणजे लोह कमी पडून झालेल्या रक्तक्षयाची. चार्टपेपरवर माझी साखळी रंगीत पेनाने काढलेली: हिमोग्लोबिन खाली, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) खाली, फेरिटिन (साठवलेलं लोह) खाली, टीआयबीसी (लोह वाहून नेण्याची रक्ताची एकूण क्षमता) खाली. सगळंच कमी, म्हणजे हेही कमी, असा माझा हिशेब. मॅडमनी पेनाचं टोक टीआयबीसीवर ठेवलं. ‘लोखंड कमी झालं की ते वाहून नेणाऱ्या गाड्या रिकाम्या फिरणार की भरलेल्या?’ रिकाम्या. ‘आणि लिव्हर गाड्या कमी करतं की वाढवतं?’ वाढवतं. ट्रान्सफेरिन, म्हणजे त्या गाड्या, वाढतं, रिकाम्या जागा वाढतात, टीआयबीसी वर जातं. वर्ग हसला. चुकीचा बाण माझ्या पुस्तकात अडीच महिने बसला होता आणि मी तो रोज बरोबर समजून वाचत होतो. तेव्हा ‘चौकोनांमुळे शिकायला मिळतं’ असं सांगणाऱ्या सीनिअर्सकडे लक्ष देऊ नका. चौकोनात स्वतः भरलेली चूक खोडायला छापलेल्या चुकीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण ती आपल्याच अक्षरात असते.

जानेवारीत वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल मॅडमनी डायबेटिक किटोॲसिडोसिस विचारलं. इन्सुलिन नाही, पेशी उपाशी, चरबी मोडते, किटोन्स वाढतात, रक्त आम्लधर्मी होतं, म्हणून पेशंट खोल आणि जोरात श्वास घेतो. गाडी झकास चालली होती. ‘पोटॅशियम?’ इथे पुस्तकात चौकोन आहे, पान ३११, झोपेतही सांगेन. मी विचारलं, ‘मॅडम, रक्तातलं की अंगातलं?’ त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. रक्तात बऱ्याचदा नॉर्मल किंवा जास्त, कारण ते पेशीतून बाहेर आलेलं असतं. अंगातलं एकूण मात्र कमी, कारण लघवीवाटे वाहून गेलेलं असतं. इन्सुलिन सुरू केलं की ते परत पेशीत शिरतं आणि रक्तातला आकडा झपकन पडतो. म्हणून इन्सुलिनच्या आधी पोटॅशियम बघायचं, फार खाली असेल तर आधी ते भरायचं. मॅडम म्हणाल्या, ‘कुठलं पुस्तक वाचता?’ मी नाव सांगितलं आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिवी दिली. फुकटची जाहिरात.

चौकोन सोडून बोलायचं तर मजकूर खरंच चांगला आहे, हे मान्य करतो. लक्षण का दिसतं ते सोप्या इंग्रजीत सांगितलंय. सुजेचं एक पान मला वॉर्डात रोज उपयोगी पडतं: चालत्याफिरत्या पेशंटची सूज घोट्याशी दाबून बघा, पण पडून असलेल्याची कंबरेच्या मागे, माकडहाडावर बघा, पाणी उताराकडे जातं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं वजन रोज सकाळी का करायचं, तर एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा सांगतो. असल्या गोष्टी जाड्या फॉरेन पुस्तकांत शोधाव्या लागतात.

पण आपल्याकडच्या आजारांना हात आखडता घेतलाय. सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराला अर्धं पान. गडचिरोली, नंदुरबारची मुलं आमच्या वर्गात आहेत, त्यांच्या घरात हा आजार माहितीचा, आणि पुस्तकात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन येतं, एवढं सांगून विषय बंद. ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी का होते, १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांत का फुटते, वेदनेचा झटका थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर का येतो, काही नाही. आणि विंचवाबद्दल एक ओळ नाही! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून इतके जीव वाचवले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विषामुळे ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं, आणि प्राझोसिन नेमकी ती आवळण सोडवतं. साखळी शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? आमच्याकडे सोयाबीनच्या काढणीत गंजीखालून विंचू निघतो. परीक्षेत येत नसेल, कॅज्युअल्टीत येतो.

घ्यावं का? मजकुराचे चार स्टार, छपाईचा एक, शुद्धिपत्राचा शून्य. नवीन आवृत्ती आली असेल तर दुकानात उभं राहून हार्ट फेल्युअरचं पान उघडा. बाण दिसले तर घ्या. चौकोन दिसले तर सीनिअरचं जुनं शोधा, पण त्याचा टीआयबीसी तपासून.

निखळलेला फर्मा काल दाभणाने आणि सुतळीने शिवला, घरी पोती शिवतो तसाच. पुस्तक आता नीट मिटत नाही, पण पान गळत नाही. सेकंड सेमचा एक ज्युनिअर रोज मागे लागलाय, ‘दादा, अर्ध्या किमतीत द्या ना.’ त्याला रेट सांगितलाय: पेन्सिलीचे बाण खोडून हवं असेल तर ३००, बाणांसकट ५००. तो म्हणतो, बाण बरोबर आहेत कशावरून? विचार करून ४५० केलेत.