पापणी मिटण्याची सवय की कृत्रिम अश्रूंचे थेंब?
संगणक-मोबाइलच्या पडद्यासमोर डोळे चुरचुरू लागले की थेंब घालावेत की पापण्या मुद्दाम मिटाव्यात, असा प्रश्न पडतो. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा मिटणारी पापणी पडद्याकडे पाहताना बरीच कमी वेळा मिटते, आणि तीही अर्धवट. वरची पापणी खालचीला टेकली तरच कडेच्या ग्रंथींतले तेल अश्रूंवर नीट पसरून बाष्पीभवन रोखते, जे काम साध्या, तेलविरहित थेंबांना जमत नाही. सवयीला खर्च नाही, मात्र कामाच्या भरात ती हमखास विसरली जाते. थेंबांनी लगेच आराम पडतो, पण तो फार काळ टिकत नाही. शिवाय परिरक्षक (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेले रसायन) असलेले थेंब वारंवार घातल्यास डोळा उलट अधिकच चुरचुरतो. त्रास पडद्यापुरताच असेल त्यांनी सवय लावावी. ज्यांना मुळात अश्रूच कमी येतात त्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारून, शक्यतो परिरक्षकविरहित थेंब वापरावेत.